गूळ : गोडी, गुण आणि गैरसमज

उन्हातान्हातून आलेल्या पाहुण्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवावा आणि पाण्याचा तांब्या पुढे करावा, ही रीत आपल्या सीमाभागात अजून पुष्कळ घरांत पाळली जाते. पाडव्याला कडुलिंबाच्या कोवळ्या पानांबरोबर गूळ, संक्रांतीला तिळाबरोबर गूळ, बाळंतिणीच्या डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांत गूळ. ज्या पदार्थाने आपल्या साऱ्या मंगल प्रसंगांना सोबत केली, त्याच्याविषयी चिकित्सक वृत्तीने लिहावयाचे म्हणजे घरातल्याच एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची उलटतपासणी घेण्यासारखे वाटते. तरीही बालरोगतज्ज्ञ म्हणून बेळगावात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे काढल्यावर ती घेणे मला कर्तव्य वाटू लागले आहे.

त्याला कारण, माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तरी विचारले जाणारे दोन प्रश्न. पहिला, ‘‘डॉक्टर, आम्ही साखर बंद करून गूळ सुरू केला आहे, चांगले ना?’’ आणि दुसरा, ‘‘बाळाचे रक्त कमी आहे म्हणता, मग गूळ-शेंगदाणे देऊ का?’’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी एकदा चुकीचे दिले होते. ती हकीकत पुढे येईलच. परंतु आधी गूळ होतो कसा हे पाहू, कारण त्याचे गुण आणि त्याच्या मर्यादा दोन्ही गुऱ्हाळातच ठरतात.

गुऱ्हाळातील रसायनशास्त्र

माझे आजोळ संकेश्वरनजीक, हिरण्यकेशीच्या काठी. १९७८-८० च्या सुमारास दिवाळीनंतर मामांच्या शेतावर गुऱ्हाळ लागे. इंजिनावर चालणाऱ्या चरकात ऊस पिळला जाई, रस गाळून भल्यामोठ्या काहिलीत पडे आणि खाली चुलवाणात वाळलेली चिपाडे धडधडून पेटत. उसाचाच रस आणि उसाचेच जळण! शहाणपणाने काटकसर कशी करावी याचा तो धडाच होता.

रस तापू लागला की त्यात थोडी चुन्याची निवळी घालीत. कोणी ती का घातली जाते हे सांगत नसे. पुढे वैद्यकीय शिक्षणात रसायनशास्त्र शिकताना त्याचा उलगडा झाला. उसाचा रस किंचित आम्ल असतो. आम्लात उष्णता मिळाली की सुक्रोजचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज ही साधी शर्करा तयार होते. ती प्रमाणाबाहेर वाढली तर गूळ घट्ट बसत नाही, पाझरत राहतो. चुना ही आम्लता कमी करतो. त्यानंतर रानभेंडीची खोडे ठेचून पाण्यात चोळून काढलेला चिकट रस काहिलीत सोडीत. त्या चिकट द्रवात रसातील गाळ अडकून काळपट फेसाच्या रूपाने वर येई आणि तो झाऱ्याने काढून टाकीत.

अडीच-तीन तासांच्या आटवणीनंतर खरी कसोटी गुळव्याची. पाक साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना उतरविला तर ती काकवी; गुळासाठी तो ११८ अंशांच्या आसपास जावा लागतो. गुळव्याजवळ उष्णतामापक नसे. तो पाकाचे चार थेंब थंड पाण्यात सोडी, बोटांनी त्याची गोळी वळी, आणि गोळी हवी तशी कडक झाली की ओरडून काहील उतरविण्याची खूण करी. मग पाक वाफ्यात ओतून, घोटून, साच्यात भरला की त्याची ढेप होई. शंभर किलो उसातून दहा-बारा किलो गूळ निघतो.

साखर कारखान्यात प्रारंभ असाच होतो. परंतु तेथे शेवटी स्फटिक वेगळे काढतात आणि उरलेली मळी बाजूला जाते. गुऱ्हाळात असे वेगळे काढणे नसते. रसातील जे काही आटून शिल्लक राहील ते सारे ढेपेत उतरते. गुळाचा रंग, त्याचा खमंग वास, त्यातील खनिजे यांचे मूळ येथेच आहे.

आता ही शिल्लक किती, ते पाहू. १०० ग्रॅम गुळात साधारणतः ६५ ते ८५ ग्रॅम सुक्रोज असते, ५ ते १५ ग्रॅम ग्लुकोज व फ्रुक्टोज, काही ग्रॅम पाणी, आणि पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह इत्यादी खनिजे सारी मिळून एखाद-दुसरा ग्रॅम. म्हणजे गूळ हा नव्वद टक्क्यांच्या आसपास शर्कराच आहे. त्याचे उष्मांक १०० ग्रॅमला सुमारे ३८०, तर साखरेचे सुमारे ४००. एवढ्या फरकावर कोणाचे वजन उतरत नाही की मधुमेही माणसाची रक्तशर्करा सुधारत नाही. आपल्या समाजातील अनेक ज्येष्ठ मंडळी ‘साखर वर्ज्य’ म्हणून चहात गूळ घालून निर्धास्त असतात. त्यांच्या इन्शुलिनला हा भेद कळत नाही, हे त्यांना स्नेहाने पण स्पष्टपणे सांगावयास हवे. दातांच्या बाबतीतही तेच. गूळ चिकट असल्याने दातांच्या फटींत साखरेपेक्षा अधिक काळ रेंगाळतो. रात्री निजताना दिलेली गुळाची वडी ही दंतकृमींना दिलेली मेजवानीच होय.

माझी चूक

आता ती हकीकत. १९९९ साल असावे. मी नुकताच स्वतंत्र व्यवसायात स्थिरावत होतो. जवळच्या खेड्यातून एक तरुण माता आपल्या दीड वर्षाच्या मुलीस घेऊन आली. सोबत मुलीची आजी. मुलगी फिकट, चिडचिडी, जेवणाकडे पाठ फिरविणारी. हिमोग्लोबिन ८.९. लोहाच्या अभावामुळे झालेला हा रक्तक्षय होता आणि मी लोहाचे थेंब लिहून दिले. आई संकोचून म्हणाली, ‘‘हिच्या भावाला हे औषध दिले होते, शौचाला काळे व्हायचे. भीती वाटते. त्याऐवजी गूळ-शेंगदाणे दिले तर चालेल का?’’

बाहेर गर्दी होती. मी म्हणालो, ‘‘चालेल, तेही द्या.’’ माझ्या मनात ‘औषध आणि तेही’ असे होते. त्यांनी ‘चालेल’ एवढेच ऐकले. चूक त्यांची नव्हती. ‘औषध थांबवू नका’ हे तीन शब्द उच्चारण्यास मला दहा सेकंदही लागले नसते.

तीन महिन्यांनी ती मुलगी आली ती धापा टाकीत. अंगणातील माती खाण्याचा नाद लागलेला. दिवसभरात बाटलीने जवळजवळ लिटरभर दूध आणि वरून गूळ; इतर अन्न नावापुरते. हिमोग्लोबिन ५.१. तिला दाखल करून रक्त द्यावे लागले. मी काहीशा त्रासिक स्वरात थेंबांबद्दल विचारले तेव्हा आजी शांतपणे म्हणाली, ‘‘तुम्ही सांगितल्यासारखा रोज गूळ दिला की हो, डॉक्टर. एक दिवस चुकविला नाही.’’

त्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला आजवर बोचत राहिले आहे. मुलगी बरी झाली. परंतु त्या दिवसापासून ‘गूळ-शेंगदाणे द्या’ हे शब्द मी हिशेब मांडल्याशिवाय उच्चारलेले नाहीत.

लोहाचा हिशेब

तो हिशेब असा. जुन्या आहारकोष्टकांत १०० ग्रॅम गुळात ११ मिलिग्रॅमहून अधिक लोह दाखविलेले असे. आपल्यापैकी अनेकांनी पाठ केलेला आकडा तोच. पुढील सुधारित कोष्टकात तो २.६४ मिलिग्रॅमवर आला. गुळातील लोह एका ढेपेपासून दुसऱ्या ढेपेत बरेच बदलते, कारण त्यातील काही भाग लोखंडी काहिलीतून, मातीतून आणि धुळीतून आलेला असतो.

१ ते ३ वर्षांच्या बालकास दररोज ८ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे, अशी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०२० ची शिफारस आहे. सुधारित आकडा धरल्यास एवढे लोह मिळण्यासाठी त्या बालकाला दिवसाकाठी सुमारे ३०० ग्रॅम गूळ खावा लागेल! त्याचे उष्मांक होतात अकराशेहून अधिक, म्हणजे त्या वयातील बालकाची दिवसभराची सारी गरज. गुळातील लोहाचा आकडा दुप्पट धरला, तरी हिशेब जमत नाही. प्रत्यक्षात मूल खाते तो खडा दहा ग्रॅमचा. त्यातून मिळणारे लोह पाव ते अर्धा मिलिग्रॅम. शिवाय वनस्पतिजन्य लोहाचा अगदी थोडा भागच आतड्यातून शोषला जातो. दूध आणि चहा त्यातही अडथळा आणतात.

याउलट, रक्तक्षय झालेल्या दहा किलो वजनाच्या बालकास उपचार म्हणून रोज किमान ३० मिलिग्रॅम लोह द्यावे लागते. गुळाचा खडा आणि औषधाचा डोस यांत सुमारे शंभरपटींचा फरक आहे. हा फरक कोणत्याही श्रद्धेने भरून निघत नाही.

प्रश्न लहान नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६७.१ टक्के बालकांना रक्तक्षय होता. २०१८ पासूनच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात या वयोगटास आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर, म्हणजे २० मिलिग्रॅम लोहाचे औषध देण्याची तरतूद आहे. ते घरात येऊनही बाटली फळीवर तशीच राहते आणि गुळाचा डबा मात्र रिकामा होतो, असे अनेकदा आढळते. शौचास काळे होणे अपायकारक नाही. औषध दुधाबरोबर न देता शक्य तर लिंबाच्या सरबताबरोबर द्यावे. दातांवर डाग पडू नयेत म्हणून जिभेच्या मागील बाजूस सोडून वर पाणी पाजावे. एवढे सांगितले की बहुतेक माता औषध नेमाने देतात, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक सूचना. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत; ते श्वासनलिकेत अडकतात. शेंगदाण्याचा कूट द्यावा. तसेच पहिल्या वर्षात साखर, गूळ, काकवी, मध यांपैकी काहीही नको आणि दुसऱ्या वर्षातही शक्य तितके टाळावे.

गूळ जेथे खरोखर औषध ठरला

गुळावर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गुळाने लहान मुलांचे प्राण वाचविल्याची साक्ष आहे आणि ती बांगलादेशातील आहे. १९८० ते १९९० या काळात तेथील ‘ब्रॅक’ या संस्थेच्या महिला कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि सव्वा कोटीच्या आसपास कुटुंबांतील मातांना त्यांनी ‘लोबोन-गुर’, म्हणजे मीठ-गुळाचे पाणी तयार करावयास शिकविले. अर्धा शेर पाण्यात तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ आणि मूठभर गूळ. त्या कार्यकर्त्यांचे वेतन आईच्या लक्षात किती राहिले यावर अवलंबून असे.

यामागील तत्त्व आपणा वैद्यकीय मंडळींस परिचित आहे. आतड्याच्या पेशी ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेतात आणि त्यामागोमाग पाणी येते. हगवणीने सुकलेल्या बालकाच्या शरीरात पाणी परत जाते ते या वाटेने. गुळात थोडे पोटॅशियमही असते, हा अधिक लाभ. येथे गूळ उपयोगी पडला तो त्यातील लोहामुळे नव्हे, तर शर्करेमुळे आणि मिठाच्या सोबतीमुळे.

आज ओआरएसची पुडी गावोगावी मिळते आणि तीच वापरावी. गुळात पाण्याचा अंश कमी-अधिक असतो, मूठ लहान-मोठी असते, आणि द्रावण प्रमाणाबाहेर गोड झाले तर जुलाब वाढतात. पुडी आणि जोडीला चौदा दिवस झिंक, हाच आजचा शास्त्रशुद्ध उपचार होय.

स्वयंपाकघरातील स्थान

औषधाच्या फळीवरून गूळ खाली उतरविला, तर तो ठेवावयाचा कोठे? अर्थात स्वयंपाकघरात, जेथे त्याचे स्थान निर्विवाद आहे.

आपल्या आमटीत पडणारा सुपारीएवढा खडा पदार्थ गोड करण्यासाठी नसतोच. चिंचेचा आंबटपणा आणि मिरचीचा तिखटपणा यांचा तो मेळ घालतो. पुरणपोळीच्या दिवशी कटाच्या आमटीत तो नसेल तर ती आमटी नुसती झोंबते. पुरणासाठी डाळ पूर्ण शिजल्यावरच गूळ घालावा, असा गृहिणींचा दंडक आहे. त्यालाही शास्त्रीय आधार आहे. शर्करा आणि गुळातील कॅल्शियम यांमुळे डाळीचे कण मऊ होण्यास विलंब लागतो. गूळ आधी पडला तर डाळ कितीही शिजविली तरी कणीदार राहते. गव्हाच्या खिरीत, आपल्या कन्नड शेजाऱ्यांच्या हुग्गीत, दूध गुळाबरोबर उकळल्यास फाटते, कारण गूळ किंचित आम्ल असतो. म्हणून खीर चुलीवरून उतरवून कोमट झाल्यावर वरून दूध घालावे.

गुळाची जातही पदार्थानुसार निवडावी लागते. गूळपोळीला आणि चिक्कीला चिकीचा गूळ लागतो, लाडवांना कोरडा, किसता येणारा. पावसाळ्यात गूळ पाझरतो तो त्यातील ग्लुकोज-फ्रुक्टोज हवेतील ओलावा शोषून घेतात म्हणून. घट्ट झाकणाचा डबा हाच त्यावर उपाय. कैरीचा गुळांबा वर्षभर टिकतो, कारण दाट पाकातील पाणी जंतूंच्या वाट्याला येत नाही. गोकाकचा करदंट हा तर गूळ, डिंक आणि सुकामेवा यांचा आपल्या जिल्ह्याने घडविलेला सुरेख संगमच म्हणावा लागेल.

बालकांच्या आहारात मी गुळाकडे वाहक म्हणून पाहतो. दोन वर्षांपुढील जे मूल नाचणीची लापशी, तिळाचा किंवा अळिवाचा लाडू, शेंगापोळी नुसती खाणार नाही, ते थोड्या गुळाच्या आधाराने आनंदाने खाते. कॅल्शियम नाचणीचे आणि तिळाचे, प्रथिने शेंगदाण्याची, लोह अळिवाचे. गूळ ते त्याच्या मुखापर्यंत पोहोचवितो. पॉलिथिनच्या पुडीतील रंगीत गोळीपेक्षा तिळगुळाची वडी केव्हाही श्रेष्ठ, परंतु ती गुळामुळे नव्हे, तिळामुळे. प्रमाण मात्र सांभाळावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनाप्रमाणे वरून घातलेली शर्करा एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या आत असावी. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत साखर, गूळ, बिस्किटे सारे धरून हे प्रमाण दिवसाला तीन-चार लहान चमचे होते.

पिवळ्या रंगाचा मोह

शेवटी खरेदीविषयी. मामांच्या गुऱ्हाळातील गूळ तांबूस-तपकिरी असे. पुढे बाजारात पिवळाधमक गूळ अधिक भावाने विकला जाऊ लागला आणि काहिलीत भेंडीच्या जोडीला हायड्रॉसची पूड पडू लागली. हे सोडियम हायड्रोसल्फाइट रंग उडविते, पण त्याचा गंधकयुक्त अंश गुळात उरतो. गुळात सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत ७० भागांहून अधिक असू नये, अशी कायद्याने मर्यादा घातलेली आहे. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटयुक्त अन्नाने दमा उसळतो, हे आपण डॉक्टरांनी ध्यानात ठेवावयास हवे.

रंगावरून निश्चित निदान होत नाही, हेही खरे. उसाची जात, जमिनीचा पोत आणि रसाची स्वच्छता यांनुसार नैसर्गिक गुळाच्याही छटा बदलतात. आणि काळा गूळ म्हणजे शुद्धच, असेही नाही. परंतु शेतकऱ्याला दोष देण्यापूर्वी आपण आपल्या डोळ्यांना दोष द्यावा. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक उपदर्शन मिळाले, ही आपल्या साऱ्या परिसराला अभिमानाची गोष्ट आहे. तो अभिमान टिकवावयाचा असेल, तर तांबूस गुळाला चार रुपये अधिक मोजण्याची तयारी ग्राहकांनीच दाखवावयास हवी.

तेव्हा त्या दोन प्रश्नांची उत्तरे आता देतो. साखरेऐवजी गूळ चालेल. चवीसाठी आणि वासासाठी जरूर चालेल, पण साखरेइतक्याच जपून. रक्त कमी असेल तर गूळ-शेंगदाणे चालतील का? कूट करून जरूर द्या, पण लोहाचे औषध एकही दिवस चुकवू नका.

ती मुलगी आज विवाहित आहे. गेल्या वर्षी ती स्वतःच्या बाळाला घेऊन माझ्याकडे आली. सोबत तिची आई होती. आजी आता नाही. बाळाला तपासून लोहाचे थेंब लिहून दिले तेव्हा आईच म्हणाली, ‘‘डॉक्टर, गूळ विचारत नाही हो आता.’’ आम्ही तिघेही हसलो. जाताना त्यांनी टेबलावर वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी ठेवली. आत घरच्या उसाच्या तांबूस गुळाची लहानशी ढेप होती. तिची त्या रविवारी आमच्याकडे पुरणपोळी झाली.